जुन्या कोब्यावर पातळ थर टिकत नाही
वर्कशॉपची जुनी, उंचसखल कोब्याची (सिमेंटची) जमीन सपाट कशी करायची, या प्रश्नावर पातळ सिमेंटचा हात मारून लेव्हल करा असं एकाने सांगितलंय, ते अजिबात पटलं नाही. जुन्या गुळगुळीत कोब्यावर पाच-सात मिमीचा वाळू-सिमेंटचा थर धरतच नाही, त्यात वर्कशॉपमध्ये मशीनचं ऑइल मुरलेलं असेल तर पापुद्रे निघणारच. आधी हातोडीने ठोकत सगळीकडे फिरा, जिथे बद्द वाजतं तिथला माल सुटलाय, तो काढायलाच हवा. मग छिन्नीने टाचे (छोटे छोटे खड्डे) मारून रात्रभर पाणी ठेवा, सकाळी साचलेलं पाणी पुसून सिमेंटची स्लरी (पाण्यात कालवलेलं पातळ सिमेंट) ब्रशने घासून लावा आणि ती ओली असतानाच वरचा वाळू-सिमेंटचा माल टाका, नंतर किमान ७ दिवस पाणी मारा.

आणि उंचवटे थोडेच असतील तर बाकीची जमीन भरत बसू नका, ग्राइंडरला डायमंडचा कप (घासायची वाटीसारखी चकती) लावून तेवढेच घासा, आमच्या शेडमध्ये निम्मं काम तेवढ्यावरच भागलं. धूळ भयंकर उडते आणि ती फुप्फुसाला वाईट, चांगला मास्क हवाच.