सफोकमधील एका शेतकऱ्याचे १७४२ चे मृत्युपत्र : थोरल्याला एक शिलिंग आणि धाकट्याचे नावच नाही

दूरदेशी

इंग्लंडच्या पूर्वेकडील सफोक परगण्यात गेली काही वर्षे माझे वास्तव्य आहे. येथील गावच्या इतिहास मंडळासाठी जुने दस्तऐवज वाचून त्यांची स्वच्छ प्रत तयार करण्याचे काम मी हौसेने करतो. सध्या हाती असलेले मृत्युपत्र एका ‘योमन’चे, म्हणजे बऱ्यापैकी जमीन बाळगून असलेल्या, खाऊनपिऊन सुखी अशा शेतकऱ्याचे आहे.

थोरल्या मुलाला त्याने फक्त एक शिलिंग, म्हणजे पौंडाचा विसावा भाग, ठेवला आहे. मधल्याला स्वतः विकत घेतलेले एक शेत दिले आहे, पण आईच्या पश्चात वर्षभरात त्याने दोन्ही बहिणींना प्रत्येकी ४० पौंड द्यावेत अशी अट घातली आहे. पत्नीला तिचा बिछाना आणि ‘ती माझी विधवा म्हणून राहील तोवर’ मधल्या मुलाकडून वर्षाला ६ पौंड. गावातील गरिबांना नाताळात पाव वाटण्यासाठी त्याच शेतातून दरवर्षी २० शिलिंग, तेही कायमचे. मात्र चर्चमध्ये देणगीदारांच्या नावांचा जो लाकडी फलक आहे, त्यावर याचे नाव नाही. सर्वांत धाकटा मुलगा त्या वेळी नऊ वर्षांचा होता असे बाप्तिस्म्याच्या नोंदवहीवरून दिसते, पण मृत्युपत्रात त्याचा उल्लेखही नाही. राहत्या घराचा आणि त्याच्या भोवतालच्या जमिनीचाही नाही.

भरीस भर म्हणजे मृत्युपत्र केले नोव्हेंबर १७४२ मध्ये, आणि आर्चडीकन या चर्चच्या अधिकाऱ्याच्या न्यायालयात ते सिद्ध, म्हणजे अधिकृतपणे खरे, ठरले फेब्रुवारी १७४२ मध्ये. बापाने थोरल्याला बेदखल केले आणि धाकट्याला विसरला, असेच समजायचे का?

दप्तरी

सर्वप्रथम तारखेचे कोडे सोडवून टाकतो, कारण ते सर्वांत सोपे आहे. १७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. त्यामुळे नोव्हेंबर १७४२ नंतर येणारा फेब्रुवारीही १७४२ चाच लिहिला जाई. आपल्या हिशेबाने तो फेब्रुवारी १७४३. आपण प्रत करताना ‘१७४२/४३’ असे लिहावे, म्हणजे पुढच्या वाचकाचा घोटाळा होणार नाही. हाच कागद दहा वर्षे आधीचा असता, तर सिद्धतेचा शेरा आपल्याला लॅटिनमध्ये वाचावा लागला असता. १७३३ पासून न्यायालयीन नोंदी इंग्रजीत ठेवणे बंधनकारक झाले.

न्यायाधार

मृत्युपत्र म्हणजे त्या कुटुंबाची संपूर्ण वाटणी, असे आपण गृहीत धरले आहे. आपल्याकडच्या वाटणीपत्राची सवय असल्यामुळे हे साहजिक आहे, परंतु अठराव्या शतकातील इंग्लिश खेड्यात मालमत्ता तीन-चार वेगवेगळ्या वाटांनी पुढच्या पिढीकडे जात असे आणि मृत्युपत्र ही त्यांतील केवळ एक वाट होती. जे इतर वाटांनी आधीच मार्गी लागले होते, त्याविषयी माणूस शेवटच्या कागदावर गप्प बसे.

राहते घर आणि त्याभोवतीची जमीन ‘कॉपीहोल्ड’ असावी, असा माझा कयास आहे. अशी जमीन मॅनरच्या, म्हणजे जमीनदारीच्या, अखत्यारीत असे आणि धारकाचा हक्क मॅनरच्या न्यायालयातील नोंदीवर उभा असे. धारक वारला की तेथे वारसाचे नाव लागे आणि त्याबद्दल तो जमीनदाराला नजराणा भरी. वारस कोण, हे मात्र देशाच्या सर्वसाधारण कायद्याने ठरत नसे, तर त्या मॅनरच्या रूढीने ठरत असे. मृत्युपत्र न करता मरण पावलेल्याची स्वतंत्र मालकीची जमीन थोरल्या मुलाकडे जाई, हे खरे आहे. परंतु सफोकमधील कित्येक मॅनरमध्ये ‘बरो इंग्लिश’ नावाची रूढी होती, आणि तिच्यानुसार जमीन सर्वांत धाकट्या मुलाकडे जात असे. आपल्या योमनने धाकट्याचे नाव घेतले नाही ते विस्मरणामुळे नसावे. घर त्याचेच होणार हे सगळ्या गावाला ठाऊक असल्यामुळे ते लिहिण्याचे कारण उरले नसावे. कॉपीहोल्ड जमीन मृत्युपत्राने भलत्याला द्यायची असती, तर त्याने हयातीत मॅनरच्या न्यायालयात ती ‘मृत्युपत्राच्या उपयोगासाठी’ म्हणून आधी सोडून द्यावी लागली असती. ही अट १८१५ च्या कायद्याने गेली.

थोरल्याच्या शिलिंगावरून रागाचा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. वारसाला काहीतरी नाममात्र दिले नाही तर मृत्युपत्र टिकत नाही, असा एक लोकसमज होता. पुढे ब्लॅकस्टोन या इंग्लिश कायदेपंडिताने आपल्या भाष्यात तो निराधार म्हणून खोडून काढला आणि त्याचे मूळ रोमन कायद्यात असावे असे सुचवले. बहुतेक वेळा असा शिलिंग मिळणाऱ्या मुलाला लग्नात, धंद्यासाठी किंवा कारागिराकडे काम शिकण्याच्या शुल्कापोटी त्याचा वाटा आधीच दिलेला असे. ‘तुझे तुला मिळाले आहे’ एवढाच त्याचा अर्थ. बाप-लेकाचे वाकडे असणारच नाही असे नाही, पण केवळ या शिलिंगावरून ते सिद्ध होत नाही.

या कागदातील सर्वांत जड भार खरे तर मधल्याच्या डोक्यावर आहे. शेत त्याच्या नावावर, पण आईला दरसाल ६ पौंड आणि शेवटी बहिणींचे ८० पौंड त्यातूनच काढायचे. शेताचे तुकडे न करता सर्व मुलांना काही ना काही देण्याची ही तेथील नेहमीची युक्ती होती, आणि ज्याच्या नावावर जमीन येई, तो अनेकदा बहीण-भावांची रक्कम चुकती करण्यासाठी तीच जमीन गहाण टाकी. पैसे थकल्यास बहिणींनी शेतात शिरून जप्ती करावी, असे एखादे कलम त्या कागदात आहे का, ते पाहावे.

गिरगावकर

पावाच्या देणगीविषयी लिहितो. १७३६ च्या कायद्याने धर्मादायासाठी जमीन, किंवा जमिनीवर बसवलेली वार्षिक रक्कम, मृत्युपत्राने देण्यास मनाई केली. असे दान द्यायचे तर मृत्यूपूर्वी किमान बारा महिने आधी दोन साक्षीदारांसमोर दस्त करावा लागे आणि तो सहा महिन्यांत चान्सरी न्यायालयात नोंदवावा लागे. मरणशय्येवर पुण्य जोडण्याच्या नादात वारसांना वाऱ्यावर सोडले जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. नोव्हेंबरात मृत्युपत्र आणि फेब्रुवारीत सिद्धता, म्हणजे आपल्या योमनची ही देणगी कायद्याने रद्दच होती. त्याने शेतावर भार न टाकता एकरकमी पाच पौंड रोख ठेवले असते, तर गरिबांना पाव मिळाला असता. फलकावर नाव नसण्याचे कारण बहुधा हेच.

जाता जाता एक गोष्ट. इंग्लंडमध्ये मृत्युपत्रे सिद्ध करण्याचे काम १८५८ च्या जानेवारीपर्यंत चर्चच्या न्यायालयांकडे राहिले. आपल्या मुंबईत मात्र १७२६ च्या सनदेने स्थापन झालेल्या मेयरच्या न्यायालयाला तो अधिकार मिळाला होता. मृत्युपत्राच्या सिद्धतेसाठी वकिलांच्या तोंडी आजही असलेला ‘प्रोबेट’ हा शब्द या बाबतीत इंग्लंडच्या आधीच धर्मपीठाच्या बाहेर पडला होता, याची मला गंमत वाटते.

दूरदेशी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ‘न्यायाधार’ यांनी सांगितल्यावरून इप्सविचच्या दप्तरखान्यात जाऊन मॅनरच्या नोंदी पाहिल्या. १७४३ च्या उन्हाळ्यातील बैठकीत धाकट्याचे नाव घरावर आणि जमिनीवर वारस म्हणून लागले आहे आणि तो अल्पवयीन असल्यामुळे आईला पालक नेमले आहे. रूढीनुसार त्या जमिनीच्या अर्ध्या भागाचा उपभोगही तिला मिळाला होता. दोन वर्षांनी तिने पुनर्विवाह केला आणि तो उपभोग संपल्याची नोंद त्याच वहीत पुढे सापडली. मधल्याकडून येणारे ६ पौंडही अर्थातच थांबले असतील.

बहिणींच्या ८० पौंडांची पावती काही मिळाली नाही. जप्तीचे कलम मात्र आहे. पहिल्या वाचनात त्या ओळी मी ‘नेहमीचा मजकूर’ म्हणून सोडून दिल्या होत्या.

न्यायाधार

मग मधल्याने ते शेत केव्हा आणि कोणाकडे गहाण ठेवले, हे पाहावे. गहाणखत मिळाले तर बहिणींची नावे, आणि लग्ने झाली असल्यास त्यांच्या नवऱ्यांची नावे, त्यात असण्याचा संभव आहे. विवाहित स्त्रीला मिळालेली रोख रक्कम त्या काळच्या कायद्याने नवऱ्याची होत असल्यामुळे पावतीवर सही त्याचीच असेल.