विषय: विसर्जन आमच्या तळ्यात, पण विम्याचं काय?

नमस्कार मंडळी,
मार्चमध्ये ओहायोतल्या कोलंबसच्या बाहेर घर घेतलं, मागे पाऊण एकराचं तळं आहे. रविवारी ढोल-ताशाच्या प्रॅक्टिसनंतर कुणीतरी "यंदा विसर्जन तुमच्याकडेच" म्हणालं आणि मी हो म्हणून बसलो. घरी बायकोने विचारलं, दीडशे माणसं, त्यात निम्मी पोरं, कुणी घसरलं तर? घराच्या विम्याची पॉलिसी उघडून बघितली. लायेबिलिटी (कुणाला इजा झाली आणि दोष आपला ठरला तर भरपाई) १ लाख डॉलर, मेडिकल पेमेंट्स (दोष कुणाचाही असो, पाहुण्याच्या उपचाराचा खर्च) १ हजार. तळ्याचा उल्लेखच नाही.
– नवे तळेकर

---

तळेकर,
मी वकील नाही, विम्याच्या क्लेम्समध्ये २२ वर्षं काढलीत एवढंच. उल्लेख नाही म्हणून घाबरू नका, लायेबिलिटी सगळ्या आवाराला असते. पण पॉलिसी घेताना एजंटला तळं सांगितलं होतंत का? नसेल तर आज ईमेल करा. फोन नको, लेखी हवं.

१ लाख फारच कमी. १ हजारात ॲम्ब्युलन्सचं बिल तरी भागेल का, शंकाच आहे. लायेबिलिटी ३ किंवा ५ लाख करा आणि वर १० लाखांची अंब्रेला घ्या, म्हणजे घराची लायेबिलिटी संपली की पुढचं भरणारी वेगळी पॉलिसी. अंब्रेला देताना खाली ३ लाख आहेत का, हे बहुधा बघतातच.

पाहुण्यांपेक्षा मला न बोलावता येणाऱ्या पोरांची धास्ती वाटते. २००१ मध्ये आपल्याच राज्याच्या सुप्रीम कोर्टापुढे एक केस होती. पडीक स्विमिंग पूल, पावसाचं सहा फूट पाणी, शेवाळ, बेडूकमासे. म्हणजे तळंच झालेलं. मालकाने ताडपत्री आणि दोन बाजूंचं कुंपण काढलेलं. शेजारचा पाच वर्षांचा मुलगा बुडाला आणि त्याला काढायला गेलेली आईही. ओहायोने 'ॲट्रॅक्टिव्ह न्यूसन्स', म्हणजे पोरांना ओढून घेणाऱ्या धोक्याची जबाबदारी मालकावर टाकणारं तत्त्व, तेव्हा मान्य केलं. मूल न विचारता आत शिरलं तरी मालक सुटेलच असं नाही. साध्या तळ्याचा धोका उघड दिसतो म्हणून बरीच कोर्टं मालकाला सोडतात, पण पाण्याखालचा पाइप किंवा मोडका धक्का असला की तो बचाव लंगडा पडतो. आणि 'नो ट्रेसपासिंग'ची पाटी पाच वर्षांच्या पोराला वाचता येत नाही.
– काका

---

काका, आभार! मंडळाच्या इव्हेंट पॉलिसीत तळेकरांना 'ॲडिशनल इन्शुअर्ड' करून, म्हणजे त्यांनाही त्या पॉलिसीचं संरक्षण देऊन, सर्टिफिकेट मागवते. पार्किंगचे ५ डॉलर तळेकरांनीच घ्यावेत का?
– सचिव

---

ताई, अजिबात नको. पैसे घेतले की तो धंदा ठरू शकतो, आणि धंदा घराच्या पॉलिसीत बसत नाही.
– काका

---

एजंटने फोटो मागितले. काल काढायला धक्क्यावर गेलो तर तिसरी फळी पायाखाली खचली, मी गुडघाभर चिखलात. यंदा विसर्जन नेहमीसारखं टबातच करूया का? शनिवारी धक्का उखडायला कोण येतंय? वडापाव माझ्याकडे.
– तळेकर

---

येतो. आधी ते ३ लाख करून घ्या.
– काका