भिंतीपलीकडची खरखर : जुन्या साहसकादंबऱ्या नव्या पडद्यावर पाहताना (अनुभव धागा)

निशिगंध
कालपासून हे डोक्यात घोळतंय, म्हणून धागा काढतेय.

बाबा आणि मी २०२४चा फ्रेंच 'काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो' पाहिला, पिएर निनेचा. जवळजवळ तीन तासांचा आहे, बाबा मधेच झोपतील असं वाटलं होतं. मी आठ-नऊ वर्षांची असताना त्यांनी ही गोष्ट मला वाचून दाखवली होती, रोज रात्री थोडी थोडी. नायक एडमंड दांतेस शातो दिफ या समुद्रातल्या तुरुंगाच्या कोठडीत उपाशी मरायचं ठरवून पडलाय आणि भिंतीच्या आतून कुणीतरी खरवडतंय, तिथे आले की बाबा वाचायचे थांबायचे आणि पलंगाच्या कडेवर नखाने हळूच खरवडायचे. मी पांघरुणात गुडुप.

आता बाबांना जवळपास ऐकू येत नाही. सिनेमा ते खालच्या ओळी वाचत पाहतात. भिंत खोदत येणारा तो दुसरा कैदी, आबे फारिया, येण्याच्या सुमारास मला खरखर ऐकू आली. टीव्हीतून येतेय असं वाटलं, पण नाही. बाबांचं नख खुर्चीच्या हातावर फिरत होतं. नजर पडद्यावर, स्वतःच्याही लक्षात नसावं.

सिनेमा देखणा आहे, पुन्हा पाहीन. एक गोष्ट मात्र राहून राहून जाणवली. कादंबरीत तुरुंगातली चौदा वर्षं, १८१५ ते १८२९, वाचता वाचता आपल्याही अंगावरून जातात. पडद्यावर दाढी वाढली की वर्षं सरली. सिनेमाला घाई असते, आणि ही गोष्ट तर मुळात वाट पाहण्याची.

तुम्ही वाचलेली अशी एखादी कादंबरी नव्या रूपात पाहिलीत तेव्हा काय झालं? आवडलं, दुखलं, काहीही लिहा.

वळीव
सकाळी सकाळी रडवलंत. बाबांना नमस्कार सांगा. माझं दुपारी लिहिते, आत्ता कपडे वाळत घालायचेत.

पाणकोंबडा
सगळे २०११च्या 'थ्री मस्केटिअर्स'ला नावं ठेवतात. तोच तो, लिओनार्दोच्या तळघरातून नकाशे पळवतात आणि मग आकाशात जहाजं लढतात तो. मूळ लेखक द्युमाने (मॉन्टे क्रिस्टोही त्याचीच) असलं काही लिहिलेलं नाही, मान्य. पण माझ्या धाकट्या भावाने शाळेच्या पुस्तकाशिवाय पुस्तक हातात धरलं नव्हतं. हा पाहिला आणि विचारलं, "मूळ पुस्तकात जहाज किती पानांवर आहे?" मी म्हटलं वाच आणि शोध. आठवडाभर शोधत होता! जहाज काही मिळालं नाही, पण शेवटच्या पानापर्यंत गेला आणि नायकाची प्रेयसी कॉन्स्टन्स मेली म्हणून दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. त्या सिनेमाचे माझ्यावर उपकार आहेत.

तळटीप
@पाणकोंबडा भाऊ भारी आहे तुमचा. आता काय वाचतो?

माझं मत १९७३च्या रिचर्ड लेस्टरच्या आवृत्तीला. त्यातली माणसं मारामारी करताना दमतात, धापा टाकतात, घसरून पडतात, धोब्यांकडच्या ओल्या कपड्यांत लढतात. मी तो मामांबरोबर पाहिला. मामा म्हणाले होते, बघ, तलवार जड असते. तेव्हापासून कुठलीही तलवारबाजी पाहिली की मी आधी माणसाचा श्वास बघतो.

विषयांतर होतंय तरी सांगतो. नटांना वाटलं होतं आपण एकच चित्रपट करतोय. निर्मात्यांनी त्याचे दोन केले, दुसरा १९७४ला आला. नट कोर्टात गेले. तेव्हापासून तिकडच्या करारांत एका चित्रीकरणातून किती चित्रपट निघणार हे लिहून घ्यायची पद्धत पडली, आणि त्या कलमाला निर्मात्यांचंच नाव चिकटलं, सॅलकाइंड कलम.

सुतारपक्षी
मामांचं बरोबर आहे. मी सहा वर्षं फेन्सिंग केलं. आमच्या खेळात तीन प्रकारच्या तलवारी, एपे ७७० ग्रॅमच्या आत, फॉइल आणि सेबर ५०० ग्रॅमच्या आत. त्या काळची लांब, सरळ तलवार, रेपिअर, किलोच्या पुढे जायची. दहा मिनिटांत खांदा बोलायला लागतो.

मी फेन्सिंगकडे वळले ती १९९८च्या 'मास्क ऑफ झोरो'मुळे. त्यातली तलवारबाजी बसवणारे बॉब अँडरसन १९५२च्या ऑलिम्पिकमध्ये ब्रिटनकडून खेळलेले. पुढे 'स्टार वॉर्स'च्या दोन भागांत डार्थ व्हेडरच्या पोशाखात लढणारेही तेच. त्या काळ्या मुखवट्यामागे एक जुना फेन्सर आहे हे कळलं तेव्हा मी प्रशिक्षकांना धावत जाऊन सांगितलं होतं. त्यांना ते आधीच माहीत होतं :)

शेवंती
मला 'थ्री मस्केटिअर्स'मधल्या खलनायिकेबद्दल, मिलेडीबद्दल लिहायचंय, लांबेल.

लहानपणी मी तिचा मनापासून द्वेष केला. ती विष देते, खोटं बोलते, आणि शेवटी लीलच्या जल्लादाकडून तिचा शिरच्छेद होतो तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं. तिघा मस्केटिअर्सपैकी अथोस माझा सगळ्यात आवडता. उमदा, दुःखी, कमी बोलणारा.

चाळिशीत पुन्हा वाचलं. एका जागी थांबले. अथोस तरुणपणी तिच्याशी लग्न करतो. शिकारीत ती घोड्यावरून पडते, बेशुद्ध होते, तो श्वास मोकळा व्हावा म्हणून कपडे फाडतो आणि खांद्यावर गुन्हेगाराचा डाग दिसतो. मग? एक शब्द न विचारता तो तिला झाडाला फासावर लटकवतो. स्वतःच्या बायकोला. हे मी लहानपणीही वाचलं होतं, आणि तरी तोच माझा आवडता होता! पुस्तक मिटून कितीतरी वेळ बसून राहिले.

म्हणून २०२३ला फ्रेंचांनी दोन भाग काढले आणि दुसऱ्या भागाला तिचंच नाव दिलं तेव्हा मी वाट पाहत होते. एव्हा ग्रीन मिलेडी, व्हिन्सेंट कॅसल अथोस. सगळं पटलं असं नाही, कथेत बरंच इकडचं तिकडे केलंय. पण ती दोघं समोरासमोर आली की मी आधी तिच्याकडे बघत होते. एवढं तरी बदललं. नव्याने करायचंच असेल तर असं करा, की वाचताना आपण ज्याच्यावरून पुढे गेलो तिथे थांबायला लागावं. जहाजं उडवा नाहीतर न उडवा.

रानपाखरू
शेवंतीताई, अंगावर काटा आला. मी अजूनही अथोसच्या बाजूने होते. आज रात्री ते पान काढते.

भटका_जीव
फारियाचा विषय निघालाय म्हणून. खरे आबे फारिया गोव्याचे, कांदोळीत १७५६ला जन्मलेले, संमोहनशास्त्रातलं मोठं नाव. पणजीत पुतळा आहे त्यांचा. द्युमाने नाव उचललं आणि कादंबरीत त्यांना इटालियन केलं. आजवरच्या पडद्यावरच्या फारियांत मला तो गोव्याचा माणूस दिसला नाही. कुणीतरी दाखवावा, फार वाटतं.

बीबीसीच्या 'मस्केटिअर्स' मालिकेत (२०१४ ते २०१६) तिघांपैकी पोर्थोस मिश्रवंशीय दाखवला तेव्हा आमच्या गटात वाद झाला, उगाच बदललं म्हणून. मी तेव्हा गप्प बसलो, आज लिहितो. द्युमाचे वडील, जनरल द्युमा, सेंट-डोमिंगमध्ये (आजचं हैती) गुलाम आईच्या पोटी जन्मले आणि फ्रान्सच्या सैन्यात सेनापती झाले. इटलीत दोन वर्षं कैदेत होते, तब्येत खचून बाहेर आले. लेखक चार वर्षांचाही नव्हता तेव्हा गेले. ज्या मुलाने अशा बापाच्या आठवणी ऐकत मोठं होऊन या कथा लिहिल्या, त्याच्या मस्केटिअरला तो रंग दिला तर उगाच कसं?

तळटीप
@भटका_जीव +१. २००२ला द्युमाच्या अस्थी पॅरिसच्या पँथेऑनमध्ये, थोरांच्या स्मारकात, नेल्या तेव्हा शवपेटीवर निळं मखमली कापड होतं आणि त्यावर मस्केटिअर्सचं ब्रीद. सोबतीला घोड्यांवर मस्केटिअर्सच्या वेशातली माणसं. तो व्हिडिओ मी दर वर्षी एकदा तरी बघतो.

वळीव
आले. फोनवरून लिहितेय, चुका सांभाळून घ्या.

'ट्रेझर प्लॅनेट', २००२. स्टीव्हन्सनची 'ट्रेझर आयलंड'ची गोष्ट अंतराळात, शिडांची जहाजं ताऱ्यांमधून. तेव्हा चालला नाही, खर्चही निघाला नाही म्हणतात. माझ्या मुलाला मी तो दाखवला तेव्हा त्याचे वडील घर सोडून गेल्याला वर्ष झालं होतं. मला कथेत हा बदल केलाय हे माहीतच नव्हतं. पुस्तकात नायक जिमचे वडील आजारी असतात आणि वारतात. इथे ते निघून जातात, आणि लहानगा जिम धक्क्यावर धावतो. मी रिमोट शोधायला लागले. मुलगा म्हणाला, आई राहू दे.

मग चाचा सिल्व्हर जिमला काम शिकवतो, पाठीवर हात ठेवतो, शेवटी तोही जातो. पण निरोप घेऊन जातो. मुलाने तेवढंच बोलून दाखवलं, "हा सांगून गेला." आता तेवीस वर्षांचा आहे. तो सिनेमा अजून त्याच्याकडे आहे.

शेवंती
वळीव, तुला घट्ट मिठी.

धूमकेतू७
२००२च्या 'मॉन्टे क्रिस्टो'त शत्रूच्या घरातला आल्बेर एडमंडचाच मुलगा निघतो आणि त्याची जुनी प्रेयसी मर्सिडीज परत मिळते. मला ते आजही सलतं. सगळं परत मिळालं तर मग गेलं काय?

उलट 'गांकुत्सुओ' बघा, मॉन्टे क्रिस्टोवरचीच २००४ची जपानी अ‍ॅनिमेशन मालिका, २४ भाग. काळ ५०५३, अवकाशयानं, रंगीबेरंगी नक्षीचे कपडे. इतकं बदललंय, पण गोष्ट आल्बेरच्या नजरेतून आहे, म्हणजे सूड ज्याच्या घरावर कोसळतो त्याच्या. (पुढे गुपित आहे) फ्रांझ आपल्या मित्राच्या, आल्बेरच्या जागी द्वंद्वाला उभा राहतो तो भाग मी वसतिगृहात पाहिला आणि शेजारच्या खोलीत जाऊन भांडलेल्या मित्राला उठवलं. काही बोललो नाही. चहा प्यायला चल म्हटलं.

कोरा_कागद
तलवारवालं नाही, चालेल का? २०२१ची 'ल्यूपाँ'. आजच्या पॅरिसमधला असान, वडिलांनी दिलेलं ल्यूपाँ या सभ्य चोराच्या गोष्टींचं पुस्तक जपतो आणि पुढे आपल्या मुलाला देतो. नायक नवा, पुस्तक मात्र पुस्तकच राहिलं. निशिगंध, तुमचं वाचून तेच आठवलं. ते जुनं पुस्तक आहे का अजून?

पाणकोंबडा
@तळटीप भाऊ आता समुद्री चाच्यांवर आहे. 'ब्लॅक सेल्स' बघून मग 'ट्रेझर आयलंड' वाचलं. उलट्या क्रमानेच चाललाय.

निशिगंध
सगळं वाचलं, काही दोनदा. वळीव, तुझ्या मुलाला माझ्याकडून खूप प्रेम.

@कोरा_कागद आहे. मुखपृष्ठ नाही, शेवटची चार पानं सुटी आहेत. काल बाबांनी कपाटातून काढलं आणि भिंग घेऊन बसलेत. आत्ता तुरुंगापर्यंत आलेत. स्वतःचा आवाज त्यांना ऐकू येत नाही, त्यामुळे फार मोठ्याने वाचतात, पण मला हाक मारलीय, ऐकायला ये म्हणून. बाकीच्यांना रात्री उत्तरं देते.