मदत हवी आहे : वडिलांची वर्डप्रेस साइट लॅपटॉपवर उतरवली, पण मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापूरचा, शाहूपुरीतला. बाबांनी निवृत्तीनंतर गावातल्या तालमी, नाटकं, जुन्या दुकानांच्या पाट्या यांवर वर्डप्रेसमध्ये (साइट बनवायचं सॉफ्टवेअर) एक साइट केली होती. चारेकशे लेख, फोटो त्याच्या तिप्पट. मूळ फोटो कपाटाच्या खालच्या खणात असायचे. ऑगस्ट 2019 ला पुराचं पाणी आमच्या कुंभार गल्लीत शिरलं आणि अल्बमची पानं एकमेकांना चिकटली ती चिकटलीच. वाफ देऊन सोडवायला गेलो, तर चेहरे पानाबरोबर सोलून आले. आता ते फोटो फक्त साइटवर आहेत. केशवराव भोसले नाट्यगृहाचे आतले फोटोही त्यातच, आणि 2024 च्या आगीनंतर तसे परत काढताही येणार नाहीत.

बाबा गेल्या वर्षी गेले. होस्टिंग (साइटसाठी भाड्यानं घेतलेली सर्व्हरवरची जागा) महिनाअखेर संपतंय. त्याआधी अख्खी साइट घरी चालताना बघायची आहे.

आतापर्यंत केलं ते असं : होस्टिंगच्या सीपॅनलमधून सगळ्या फाइलींची झिप उतरवली, डेटाबेस हाताळायच्या पीएचपीमायअॅडमिनमधून डेटाबेसची (लेखांचा मजकूर त्यात असतो) एसक्यूएल फाइल घेतली, साइट लॅपटॉपवरच चालावी म्हणून विंडोजवर झॅम्प टाकलं. इम्पोर्ट करताना ‘अननोन कोलेशन यूटीएफ8एमबी4_0900_एआय_सीआय’ अशी एरर आली. नोटपॅडमध्ये ते नाव बदलून फाइल सेव्ह केली, मग इम्पोर्ट झालं. पण एका लेखाचं शीर्षक आता ‘????? ????? 1987’ असं दिसतं. आकडे तेवढे शाबूत. शिवाय लोकलहोस्ट (लॅपटॉपवरच्या साइटचा पत्ता) उघडलं की ब्राउझर थेट मूळ साइटवर जातो. कुठं चुकतंय?

प्रतिसाद १
आधी एक सांगा, नोटपॅडमध्ये न उघडलेली मूळ एसक्यूएल फाइल आहे न्हवं? सेव्ह करताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) एएनएसआय झालं असणार. त्यात देवनागरी बसत नाही, म्हणून प्रत्येक अक्षराचं प्रश्नचिन्ह होतं आणि ते परत फिरत नाही. ‘à¤’ असली अक्षरं दिसली असती तर सावरता आलं असतं. आता तो डेटाबेस उडवा आणि मूळ फाइलीपासून परत सुरू करा.

कोलेशनचं (अक्षरांची तुलना करायचा नियम) कारण : ते नाव मायएसक्यूएल 8 या डेटाबेस सॉफ्टवेअरचं, झॅम्पमध्ये असतो मारियाडीबी, त्याला ते ओळखता येत नाही. नोटपॅड++ मध्ये ‘यूटीएफ8एमबी4_युनिकोड_सीआय’ करा, एन्कोडिंग यूटीएफ-8 च ठेवा. इम्पोर्ट कमांड लाइनवरून करा आणि कॅरेक्टर सेट यूटीएफ8एमबी4 असं स्पष्ट द्या.

मूळ साइटवर उडी जाते, कारण पत्ता डेटाबेसच्या ऑप्शन्स टेबलमध्ये ‘साइटयूआरएल’ आणि ‘होम’ या दोन ओळींत असतो. लॅपटॉपवरच्या कॉन्फिग फाइलीत डेटाबेसचं नाव, युजर ‘रूट’ आणि रिकामा पासवर्ड घाला, हे दोन पत्तेही लोकलहोस्टचे लिहा. लेखांतले पत्ते मात्र एसक्यूएल फाइलीत साध्या फाइंड-रिप्लेसनं बदलू नका भावा. विजेटांच्या (साइटच्या कडेच्या छोट्या चौकटी) सेटिंगमध्ये अक्षरांची संख्यासुद्धा लिहिलेली असते. पत्त्याची लांबी बदलली की ती सेटिंगच वाचता येत नाही. ‘बेटर सर्च रिप्लेस’ प्लगइन हे नीट सांभाळतं. नंतर ब्राउझरच्या इनकॉग्निटो खिडकीत उघडा, नाहीतर मूळ साइटवरची जुनी उडी (रीडायरेक्ट) ब्राउझर लक्षात ठेवतो.

प्रतिसाद २
फोटोंची नावं मराठीत आहेत का? विंडोजवर झिप सोडताना तीही बिघडू शकतात. फाइलझिलात (सर्व्हरवरून फाइली उतरवायचं सॉफ्टवेअर) कॅरसेट ‘फोर्स यूटीएफ-8’ करून फोटोंचं अपलोड्स फोल्डर थेट उतरवा. आणि एक प्रत घराबाहेर ठेवा. कुंभार गल्लीतल्या कपाटात तर नकोच.

धागाकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. मूळ फाइल डाउनलोड्समध्ये होती. आज पहाटे परत इम्पोर्ट केलं, मराठी जशीच्या तशी आली. मुखपृष्ठावरचे लेख बघितले, फोटोही दिसले, जीव भांड्यात पडला.

मग शंका आली म्हणून वायफाय बंद केला. निम्म्याहून जास्त फोटो गायब! म्हणजे ते अजून मूळ साइटवरूनच येत होते. पत्ते प्लगइननं बदलले, तरी साठेक फोटो येईनात; ते सगळे मराठी नावांचे. झिपमधून त्यांची नावं चिन्हांची गिचमिड होऊन आली होती. आता फाइलझिलातून अपलोड्स परत उतरतंय, 2014 चं फोल्डर चालू आहे. झालं की पहिली हार्ड डिस्क पुण्याला बहिणीकडं पाठवतो.

एक विचारायचं राहिलं : मुखपृष्ठ उघडतं, पण आतल्या लेखांवर क्लिक केलं की 404 (पान सापडलं नाही) येतं. हे पर्मालिंकचं (लेखांच्या पत्त्यांची रचना) आहे का सर्व्हरला सूचना देणाऱ्या एचटीअॅक्सेस फाइलीचं?