मदत हवी आहे: करोना उपग्रहाचा फोटो नकाशावर बसत नाही

उजनी धरणाआधीचं भीमेचं पात्र पाहायला करोना उपग्रहाच्या केएच-४बी कॅमेऱ्याचा फोटो घेतला आहे. (1995 साली खुल्या झालेल्या अमेरिकी हेरगिरीच्या फिल्मपैकी, साथीचा इथे संबंध नाही!) पट्टी जेमतेम 14 किमी रुंद, लांबी मात्र 188 किमी. स्कॅनचे चारही तुकडे जोडलेत.

क्यूजीआयएसमध्ये (नकाशांचं फुकट सॉफ्टवेअर) 15 खुणा, म्हणजे फोटो आणि नकाशा दोन्हींवर ओळखू येणारी ठिकाणं, देऊन पॉलिनोमियल 2 आणि थिन प्लेट स्प्लाइन या फोटो ताणून बसवायच्या दोन्ही पद्धती करून पाहिल्या. मधला भाग छान बसतो, टोकं 200-300 मीटर सरकतात. कॅमेरा झुलत फोटो काढायचा, त्यामुळे असणार. जुनी गावं पाण्याखाली, म्हणून तिथे खुणा मिळत नाहीत.

लॅपटॉप साधा, सॉफ्टवेअर फुकटच हवं. 20-30 मीटरची चूक चालेल. आधी पॅनोरॅमिक विकृती (झुलत्या कॅमेऱ्यामुळे फोटोत आलेला वाकडेपणा) काढायची कशाने, की तुकडे न जोडता वेगवेगळेच बसवू?