फ्रीबीएसडी एवढं चांगलं आहे तर सगळे लिनक्सच का वापरतात?

टर्मिनलवेडा:
सध्या व्हर्च्युअल मशीनमध्ये (कॉम्प्युटरच्या आतला कॉम्प्युटर) फ्रीबीएसडी, म्हणजे युनिक्सच्या बीएसडी घराण्यातली ऑपरेटिंग सिस्टीम, चालवून बघतोय, हँडबुक काय भारी लिहिलंय राव, झेडएफएस ही फाइल सिस्टीम थेट इन्स्टॉलरमध्येच, कर्नल (सिस्टीमचा गाभा) आणि बेस सिस्टीम (सोबतची मूळ साधनं) एकाच प्रोजेक्टची त्यामुळे सगळं एकमेकांत नीट बसतं. लिनक्सही फुकट, हेही फुकट. मग गर्दी तिकडेच का? नुसतं नाव झालंय म्हणून?

जुनाखोड:
नाव नंतर झालं, आधी कोर्टकचेरी झाली. १९९२ मध्ये एटी अँड टीच्या यूएसएल या युनिक्सची मालकी असलेल्या कंपनीने बीएसडी विकणाऱ्या बीएसडीआय कंपनीवर आमचा कोड वापरला म्हणून दावा ठोकला, मग बीएसडी जिथे बनलं त्या बर्कली विद्यापीठालाही त्यात ओढलं, मिटेपर्यंत १९९४ उजाडलं. तोवर बीएसडीचा कोड घ्यायचा तर उद्या नोटीस येईल ही धास्ती. फ्रीबीएसडीला २.० साठी ४.४बीएसडी-लाइट या वादातला कोड काढलेल्या आवृत्तीवर नव्याने उभं राहावं लागलं. लिनक्सचा कोड नवा, १९९२ पासून जीपीएल लायसन्सखाली (बदल करून वाटलं तर तो कोडही खुला द्यायचा), कुणाचा दावा नाही, मग लोक तिकडेच वळणार ना. लिनक्स लिहिणारे टोरवाल्ड्स स्वतःच म्हणालेत की ३८६बीएसडी (पीसीवर चालणारं बीएसडी) तेव्हा मिळालं असतं तर लिनक्स बहुतेक झालंच नसतं.

कर्नलपॅनिक:
@जुनाखोड केस मिटून तीस वर्षं झाली, किती दिवस तेच सांगणार? उबुंटू बघा, लिनक्सचंच एक तयार पॅकेज. डेबियन हे तसंच दुसरं १९९३ पासून होतंच, २००४ मध्ये त्याच्यावरच उबुंटू उभं केलं, पण तेव्हा सीडी फुकट घरपोच, दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती, आणि बाळबोध प्रश्न विचारला तरी कुणी "आधी मॅन पेज (कमांडची माहितीपुस्तिका) वाच" म्हणून हाकलायचं नाही हे ठरलेलं. नवीन माणूस लायसन्स बघत नाही हो, वायफाय चालतंय का बघतो. आणि तिथेच बीएसडी मार खातं, कारण हार्डवेअरवाले ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर) देतात ते जिथे लोक आहेत तिथे, आणि लोक जातात जिथे ड्रायव्हर आहेत तिथे.

रूटभाऊ:
पण युजर मोजताय कसे? प्लेस्टेशन ४ च्या आत फ्रीबीएसडीचाच वंश आहे, नेटफ्लिक्सचे व्हिडिओ सर्व्हर त्यावरच. ओपनबीएसडी या दुसऱ्या बीएसडीवाले मूठभर, पण त्यांचं ओपनएसएसएच (दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करायचं साधन) लिनक्सवालेही रोज वापरतात. बीएसडी लायसन्समध्ये बदल परत द्यायची सक्ती नाही, त्यामुळे कंपन्या गुपचूप घेऊन जातात.

टर्मिनलवेडा:
मग जीएनयूच्या हर्ड या कर्नलचं काय? तेही जीपीएल, कोर्टाची भानगड नाही, १९९० पासून चालू.

जुनाखोड:
अरे ते आधी धड चालू तर होऊ दे 😄 मायक्रोकर्नलचं (गाभा छोटा, बाकी कामं त्याच्या बाहेर) डिझाइन सुंदर होतं, पण लिनक्स कच्चं असूनही बूट व्हायचं आणि पॅच (कोडमधली दुरुस्ती) पाठवला की लगेच पुढच्या रिलीजमध्ये दिसायचा.