बंड्या, लिफ्ट आणि ५०४ मधलं पिल्लू (सोसायटी ग्रुप)

४०२ वहिनी: आज परत. लिफ्टचं दार उघडलं आणि ६०१ चा बंड्या अंगावर भुंकला, लेक भिंतीला चिकटली, दप्तर खाली पडलं, आणि आता ती शाळेतून आल्यावर चार मजले जिन्याने चढायचं म्हणतेय. मागच्या मीटिंगमध्ये काय ठरलं होतं ते कोणाला आठवतंय का? मला वाद घालायचा नाहीये पण किती दिवस गप्प बसायचं

१०४ काका: पट्टा आणि मझल, म्हणजे तोंडाला मुसकी. मीटिंगमध्ये मी हेच बोललो होतो.

६०१ ताई: वहिनी, मनापासून सॉरी. पट्टा होता, पण आम्ही आत कोपऱ्यात होतो आणि दार एकदम उघडलं, त्याला मागे सरकायला जागाच नव्हती. तरी तुमची लेक घाबरली हे खरंय आणि चूक माझीच, मी जिन्याने न्यायला हवं होतं. उद्यापासून लिफ्ट रिकामी असेल तरच आम्ही चढू, मध्ये कोणी आलं तर आम्हीच बाहेर पडू.

३०३: सॉरी पार्सलवाल्याच्या वेळीही झालं होतं.

२०१ आजोबा: कुत्रा लाडावलाय. दोन फटके द्या, सरळ होतो की नाही बघा. आम्ही पण पाळलेत कुत्रे.

३०२: फटक्यांवरून आठवलं, माझ्या स्कूटरच्या मागे परत कोणीतरी गाडी आडवी लावलीये. सकाळी मी निघणार कशी?

३०३: ती माझी नाही. आधीच सांगतो.

३०२: मी नाव घेतलं का कोणाचं?

सेक्रेटरी: सर्व सभासदांना नम्र विनंती, एका वेळी एकच विषय.

६०१ ताई: आजोबा, तुमचा मान ठेवून सांगते, ते करून झालंय. पहिल्या वर्षी एक ट्रेनर लावला होता, गळ्यात आवळणारी साखळी, गुरगुरला की झटका. महिनाभरात गुरगुरणं बंद झालं आणि आम्हाला वाटलं सुधारला. भीती तशीच होती, फक्त ती सांगायची सोय आपण काढून घेतली. गुरगुरणं म्हणजे कुत्रा म्हणतोय लांब राहा, मला जमत नाहीये. ते दाबलं की तो न सांगता थेट झेपावतो, आणि पार्सलवाल्याच्या वेळी अगदी तेच झालं. तो प्रसंग मला अजून झोपताना आठवतो.

१०४ काका: म्हणूनच म्हणतो, मझल.

२०५: बंड्यापेक्षा जास्त तर मीटिंगमध्ये भुंकतात लोक 😄

१०४ काका: हे कोणाला उद्देशून?

२०५: काका तुम्हाला नाही हो, जनरल.

५०४ वहिनी: मी मध्येच विचारते, आमच्याकडे रविवारी पिल्लू येतंय, ८ आठवड्यांचं, पहिली लस झालीये. सासूबाई म्हणतात सगळ्या लसी होईपर्यंत उंबऱ्याबाहेर काढायचं नाही. बरोबर ना?

३०३: अजून एक कुत्रा 🙏

६०१ ताई: ५०४ वहिनी, हेच मी केलं आणि त्याचीच फळं सगळी बिल्डिंग भोगतेय, म्हणून मोठं लिहिते, वाचा. बंड्याला मी चार महिन्यांचा होईपर्यंत घरात ठेवलं. तोवर त्याने फक्त आम्ही दोघं बघितले होते. पिल्लांचा साधारण ३ ते १२-१४ आठवड्यांचा काळ असा असतो की जे दिसतं ते जगात असतंच असं त्यांचं मन मान्य करून टाकतं, नंतर नवीन दिसेल ते आधी संशयाचं. १९६१ साली अमेरिकेत बार हार्बरच्या जॅक्सन प्रयोगशाळेतला एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता, त्यात काही पिल्लांना १४ आठवडे माणसाचा सहवासच मिळू दिला नव्हता, ती पुढे जंगली जनावरासारखी माणसाला बिचकत राहिली. तुमच्याकडे येईल तेव्हा त्यातले चार-सहा आठवडेच उरलेले असतील. सासूबाईंची काळजी खोटी नाही, पार्वो हा कुत्र्यांचा आजार जीवघेणा असतो आणि त्याचा विषाणू जमिनीवर फार टिकतो. म्हणून जिथे अनोळखी कुत्री फिरतात तिथे खाली सोडू नका, पण कडेवर घेऊन गेटपाशी बसा की. रिक्षा, पाऊस, छत्री, हेल्मेटवाला, काठीवाले आजोबा, धावणारी पोरं, सगळं लांबून दाखवा. घरात मिक्सर आधी बंद दाराआड लावा. ज्यांच्या निरोगी कुत्र्याच्या लसी पूर्ण आहेत त्यांच्याकडे न्या. अमेरिकेतल्या प्राण्यांच्या वर्तनावर काम करणाऱ्या पशुवैद्यांच्या संघटनेने तर २००८ मध्येच सांगितलंय की पहिल्या लसीनंतर किमान ७ दिवसांनी पिल्लांचे वर्ग सुरू करावेत, सगळ्या लसींची वाट बघू नये. तरी तुमच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

२०१ आजोबा: म्हणजे सगळ्यांच्या मांडीवर नाचवायचं का त्याला?

६०१ ताई: नाही आजोबा, तीही चूकच. हातातून हातात दिलं आणि ते घाबरलं तर उलट भीतीच शिकतं. पिल्लाने स्वतःहून पुढे यायला हवं. उगाच जांभई देतंय, ओठ चाटतंय, तोंड फिरवतंय, डोळ्याचा पांढरा भाग दिसतोय, थिजून उभं आहे, तर पुरे झालं समजायचं आणि लांब जायचं. शेपटी हलतेय म्हणजे खूशच आहे असंही नसतं.

४०२ वहिनी: हे पिल्लाचं झालं. बंड्या चार वर्षांचा आहे. माझ्या लेकीचं काय?

६०१ ताई: बरोबर विचारलंत. मोठ्या कुत्र्याला वेळ लागतो, महिने लागतात. आधी डॉक्टरांकडून कान, दात, सांधे तपासून घेतले, कारण दुखणं असेल तर कुत्रा चिडका होतो. तसं काही नाही निघालं. आता मी रोज गेटपासून लांब बाकावर त्याला घेऊन बसते. माणूस दिसला की खाऊ, माणूस गेला की खाऊ बंद. क्रम महत्त्वाचा, आधी माणूस मग खाऊ, उलटं केलं तर खाऊ दिसला की तो धसकायला लागेल. आणि खाऊ खात नसेल तर आपण फार जवळ आलोय, मागे जायचं. एक विनंती, कोणी प्रेमाने स्वतःच्या हातातून खाऊ देऊ नका, तो खाऊसाठी जवळ येतो आणि मग जवळ आलोय हे कळून घाबरतो. मीच देईन.

३०२: ती गाडी अजून तिथेच आहे.

१०४ काका: पट्टा आणि मझल. तिसऱ्यांदा लिहितोय.

६०१ ताई: काका, मझलला माझा नकार नाहीच. सवय लावणं चालू आहे. जाळीचं लावणार, ज्यात तोंड उघडून धापता येतं, पाणी पिता येतं. घट्ट कापडी पट्टी नाही, कुत्रा धापूनच अंग थंड ठेवतो. आधी तो स्वतः नाक घालून खाऊ खातोय, बक्कल अजून लावलं नाहीये. एकदम बांधलं तर मझलचीच भीती बसेल.

१०४ काका: किती दिवस?

६०१ ताई: दोन-तीन आठवडे धरा. तोवर आम्ही जिन्याने.

सेक्रेटरी: धन्यवाद ताई. सर्वांनी सहकार्य करावे. मुलांना सांगावे की कुत्र्यासमोर पळू नये, टक लावून बघू नये, न विचारता हात लावू नये.

३०३: नियम कुत्र्याला की मुलांना?

४०२ वहिनी: असू दे, सांगते मी. लेक विचारतेय बंड्या बाकावर किती वाजता बसतो. खाली नाही येणार म्हणतेय, बाल्कनीतून बघेल.

६०१ ताई: साडेसहाला. बाल्कनीतून उत्तम, तिला हवं तेवढं लांबून. हाक नको मारू म्हणावं फक्त.

१०४ काका: जाळीचं तर जाळीचं. तीन आठवड्यांनी विचारणार आहे.